काखेतला कळसा

रक्ताची बाटली यंत्रात ठेवून दिवस-दीड दिवस उलटतो, यंत्राचा दिवा लागतो, तंत्रज्ञ बाटलीतले दोन थेंब रक्त-अगरच्या (जीवाणू वाढवण्याच्या खाद्याच्या) प्लेटवर पसरवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडले की टाचणीच्या डोक्याएवढ्या, पांढऱ्या, गुळगुळीत कॉलन्या, म्हणजे जीवाणूंच्या वसाहती, ओळीने उभ्या असतात. त्यातली एक कॉलनी काचपट्टीवर प्लाझ्माच्या थेंबात घोळवायची. गुठळ्या झाल्या तर गंभीर संसर्ग करू शकणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असण्याची शक्यता मोठी, मग डॉक्टरांना लगेच फोन जातो. गुठळ्या झाल्या नाहीत तर सगळ्यांनाच हायसे वाटते, अहवालावर ‘कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकस, बहुधा त्वचेवरून आलेला’ (म्हणजे प्लाझ्माच्या गुठळ्या न करणारा) एवढी ओळ पडते आणि प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जाते. प्रयोगशाळेत काढलेल्या वर्षांत ही ओळ मी किती वेळा लिहिली असेल याची गणती नाही. बहुतेक वेळा ती रुग्णाच्या दृष्टीने बरोबरही होती, कारण सुई टोचताना त्वचेवरचे चार जीवाणू बाटलीत उतरणे ही नित्याचीच गोष्ट आहे. तरीही त्या प्लेटबरोबर जी माहिती आपण नष्ट करत होतो, तिचे मोल आज मला फार मोठे वाटते.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे, की त्वचेवर सर्रास राहणाऱ्या जीवाणूंमध्ये प्रतिजैविकांविरुद्धची कोणती जनुके आहेत, ती कोणत्या वाणांतून (एकाच जातीतल्या पोटप्रकारांतून) आणि कोणत्या वाटेने पसरत आहेत, याची जनुकीय नोंद सार्वजनिक आरोग्याच्या नियमित सर्वेक्षणाचा भाग झाली पाहिजे. आज ती नोंद काही संशोधकांच्या हौसेवर आणि मिळेल त्या अनुदानावर चालते. रोग करणाऱ्या जीवाणूंची मोजदाद आपण करतो, पण ज्या कोठारातून त्यांना हत्यारे मिळतात त्या कोठाराचे दार कोणी उघडून पाहत नाही. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण इथे शब्दशः लागू पडते, आणि काखेचा उल्लेख या लेखात पुन्हा येणार आहे.

आधी या जीवाणूंविषयी थोडे न्यायाने बोलायला हवे. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा त्यातला सर्वांत परिचित. जगात असा माणूस सापडणे कठीण की ज्याच्या त्वचेवर तो नाही. त्याच्या जोडीला होमिनिस, हिमोलिटिकस, डोक्याच्या त्वचेवर राहणारा कॅपिटिस हे त्याच कुळातले भाऊबंद, आणि तेलग्रंथींच्या खोल भागात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. हे सगळे आपले शत्रू नव्हेत. एपिडर्मिडिसचे काही वाण एक विकर (एन्झाइम) स्रवतात आणि त्यामुळे नाकात ऑरियसला पाय रोवणे अवघड जाते, हे २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. होमिनिसचे काही वाण ऑरियसला मारणारी द्रव्ये तयार करतात. म्हणजे निरोगी त्वचा ही एक भरलेली, राखलेली जागा आहे आणि तिथले रहिवासी परक्याला सहजासहजी घुसू देत नाहीत. त्यांचा नायनाट करा असे मी म्हणत नाही. उलट, ज्यांच्याशी आपला जन्मभराचा शेजार आहे त्यांच्याकडे काय साठत चालले आहे याकडे पाठ फिरवू नये, एवढेच सांगतो.

साठत काय आहे, हे समजण्यासाठी थोडा इतिहास लागतो. पेनिसिलिन वापरात आल्यावर काही वर्षांतच ते फोडून टाकणारे विकर बनवणारे स्टॅफिलोकॉकस रुग्णालयांत बोकाळले. त्या विकराला दाद न देणारे मेथिसिलिन १९५९ मध्ये आले आणि १९६१ मध्येच मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या ऑरियसची नोंद ब्रिटनमध्ये झाली. या वेळी जीवाणूने औषध फोडले नव्हते. त्याने औषधाचे लक्ष्यच बदलले होते. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे जीवाणूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटून त्यांचे काम थांबवतात. मेक-ए नावाचे जनुक ज्याच्याकडे आहे तो जीवाणू या कामासाठी एक जादा प्रथिन तयार करतो, ज्याला ही औषधे नीट चिकटू शकत नाहीत. बाकीचे गवंडी बेशुद्ध पडले तरी हा एक गवंडी भिंत बांधत राहतो. एका औषधावर मात करणारी ही युक्ती त्या घराण्यातल्या जवळजवळ सगळ्या औषधांना निकामी करते.

मेक-ए एकटे फिरत नाही. ते एका मोठ्या जनुकीय तुकड्यात बसलेले असते, त्याला कॅसेट म्हणतात, आणि त्याच तुकड्यात त्याला गुणसूत्रातून कापून काढणारी व दुसऱ्या गुणसूत्रात नेमक्या जागी बसवणारी जनुकेही असतात. केइची हिरामात्सु यांच्या जपानमधील गटाने १९९९-२००० च्या सुमारास हा तुकडा उलगडून दाखवला, तेव्हा प्रतिकाराकडे पाहण्याची दृष्टीच बदलली, कारण इथे प्रतिकार हा एका जीवाणूचा गुण न राहता एका कुळातून दुसऱ्या कुळात उचलून ठेवता येणारी वस्तू ठरला. या कॅसेटचे आज दहाहून अधिक प्रकार माहीत आहेत. काही लांबलचक आहेत आणि त्यांत इतर औषधांविरुद्धची जनुकेही अडकलेली असतात. चौथ्या क्रमांकाचा प्रकार आटोपशीर आहे आणि रुग्णालयाबाहेर पसरलेल्या ऑरियसच्या वाणांत तो वारंवार भेटतो. यातली खरी मेख अशी, की हीच कॅसेट त्वचेवरच्या कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकसमध्ये ऑरियसपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आणि अधिक विविध रूपांत आढळते. तिचे मूळ प्राण्यांच्या त्वचेवर राहणाऱ्या त्यांच्या दूरच्या नातलगांत असावे, याकडे निर्देश करणारे पुरावेही पुष्कळ आहेत. ऑरियस हा या मालाचा गिऱ्हाईक दिसतो. मालाची वखार दुसरीकडे आहे.

ही देवघेव कागदावरची कल्पना नाही. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधल्या एका नवजात बाळाची हकिगत प्रसिद्ध झाली. त्या बाळाकडे आधी मेथिसिलिनला बळी पडणारा ऑरियस होता. प्रतिजैविकांचे उपचार झाले. नंतर त्याच बाळाकडे, त्याच वाणाचा, पण मेथिसिलिनला न जुमानणारा ऑरियस मिळाला. बाळाचा अशा वाणाच्या दुसऱ्या कोणा रुग्णाशी संपर्क आलेला नव्हता. बाळाच्या अंगावरच्या एपिडर्मिडिसमध्ये मात्र मेक-ए होते आणि दोन्हींमधल्या त्या भागाचा जनुकीय क्रम तंतोतंत जुळत होता. म्हणजे बाहेरून कोणी काही आणले नाही. घरातल्या घरात हस्तांतर झाले. हे समजले ते कशामुळे? दोन्ही जीवाणू जपून ठेवले होते आणि दोन्हींचे जनुकीय प्ररूपण, म्हणजे जनुकांवरून वाणाची ओळख, केले गेले म्हणून. एपिडर्मिडिसची प्लेट ‘त्वचेवरून आलेला’ या शेऱ्यासह टाकून दिली असती, तर ती घटना बाहेरच्या संसर्गाच्या खात्यावर जमा झाली असती आणि कोणा परिचारिकेच्या हातांवर संशय घेतला गेला असता.

आता काखेकडे येतो. १९९७ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या आठवडाभर दिल्या आणि त्यांचा घाम तपासला. तोंडाने घेतलेले औषध घामातून बाहेर पडत होते. इतक्या थोड्या मात्रेत ते त्वचेवरच्या जीवाणूंना मारून संपवत नाही, पण जे टिकाव धरू शकतात त्यांना निवडून पुढे आणते. काही दिवसांतच स्वयंसेवकांच्या काखेत आणि नाकपुड्यांत त्या औषधाला न जुमानणारे एपिडर्मिडिस दिसू लागले आणि त्यातले पुष्कळसे इतरही अनेक औषधांना दाद देत नव्हते, कारण एका औषधाने निवडलेला वाण आपल्यासोबतची सगळी शिदोरी घेऊनच पुढे येतो. मूत्रमार्गाच्या किंवा पोटाच्या संसर्गासाठी घेतलेली गोळी काखेतल्या जीवाणूची निवड करते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सुक्याबरोबर ओलेही जळते तसा प्रतिजैविकाचा प्रत्येक डोस ज्याच्यासाठी दिला त्याच्याखेरीज अंगावरच्या आणि आतड्यातल्या असंख्य जीवाणूंवर पडतो. प्रतिजैविकांच्या वापराचा हिशेब मांडताना आपण फक्त नेमलेल्या लक्ष्यावरचा परिणाम मोजला, तर त्या हिशेबात खर्चाची सर्वांत मोठी बाजू लिहिलीच जात नाही.

इथे कोणी विचारील की प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवून संवेदनशीलता तपासतातच की, मग जनुकांपर्यंत जायचे कारण काय? चकतीभोवतीचे स्वच्छ वर्तुळ मोजून हा जीवाणू कोणत्या औषधाला बळी पडतो एवढे कळते, आणि समोरच्या रुग्णासाठी ते अत्यंत मोलाचे आहे. पण दोन रुग्णांकडे मिळालेल्या, एकाच औषधाला दाद न देणाऱ्या दोन जीवाणूंचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे ते वर्तुळ सांगू शकत नाही. एकाच वॉर्डातल्या दहा रुग्णांत दहा वेगळे वाण असतील, तर त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापला जीवाणू घेऊन आला आहे आणि औषधांच्या वापराचा दाब सर्वांवर सारखा आहे. दहांमध्ये एकच वाण असेल, तर तो हातांवरून, नळ्यांवरून, यंत्रांवरून फिरतो आहे. पहिल्या परिस्थितीत औषधांचे धोरण बदलावे लागते, दुसऱ्या परिस्थितीत स्वच्छतेची शिस्त. दोन्ही ठिकाणी चकत्यांची वर्तुळे सारखीच दिसतील आणि आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होईल.

जनुकीय प्ररूपणाचे मार्ग अनेक आहेत. १९९८ मध्ये मेंदूज्वराच्या जीवाणूसाठी पुढे आलेली आणि नंतर स्टॅफिलोकॉकससाठीही बेतलेली पद्धत अशी, की जीवाणूच्या रोजच्या कारभाराला लागणाऱ्या सात जनुकांचे ठरावीक तुकडे वाचायचे, प्रत्येक रूपाला क्रमांक द्यायचा आणि सात क्रमांकांच्या मेळावरून वाणाला एक नाव द्यायचे. या पद्धतीचे खरे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. जगाच्या दोन टोकांना बसलेल्या दोन माणसांना एकमेकांचे नमुने न पाहता ‘आमच्याकडे एसटी-२ आहे, तुमच्याकडे?’ असे विचारता येते. त्याच्या जोडीला कॅसेटचा प्रकार ठरवला की वाण कोणता आणि त्याच्या पाठीवर ओझे कोणते, हे दोन्ही कळते. आज याच्याही पुढे जाऊन संपूर्ण जनुकसंच वाचता येतो. एपिडर्मिडिसचा जनुकसंच सुमारे पंचवीस लाख अक्षरांचा आहे. तो वाचला की वर सांगितलेली सगळी माहिती त्यातून आपसूक निघते आणि दोन नमुन्यांमध्ये किती अक्षरांचा फरक आहे यावरून त्यांचे नाते किती जवळचे आहे याचाही अंदाज बांधता येतो.

या वाचनातून काय हाती लागते त्याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. २०१८ मध्ये मेलबर्नमधल्या संशोधकांनी २४ देशांतल्या ९६ संस्थांमधून जमवलेल्या एपिडर्मिडिसच्या नमुन्यांचे जनुकसंच वाचून दाखवले, की बहुतेक सगळ्या औषधांना पुरून उरणारे मोजके तीन वंश जगभरच्या रुग्णालयांत पसरलेले आहेत. त्यांच्या एका जनुकातल्या ठरावीक बदलांमुळे रिफॅम्पिसिन हे प्रतिजैविक निकामी होते, आणि त्याच बदलांमुळे व्हँकोमायसिनचा परिणामही कमी होतो. व्हँकोमायसिन हे या जीवाणूंच्या गंभीर संसर्गातले मुख्य औषध, आणि कृत्रिम सांध्यावर किंवा हृदयाच्या झडपेवर जीवाणूंचा थर जमला की तो भेदण्यासाठी त्याच्या जोडीला रिफॅम्पिसिन देण्याचा सल्ला असतो. ज्या जोडीवर आपली भिस्त, त्या जोडीतले एक औषध दुसऱ्याविरुद्धचा प्रतिकार सोबत घेऊन येणारा वाण निवडत असेल, तर उपचारांच्या मार्गदर्शक तत्त्वांचा पुन्हा विचार करावा लागेल. हे वंश बरीच वर्षे सर्वत्र फिरत होते. कोणाच्याही नजरेत ते आले नाहीत याचे कारण प्रत्येक ठिकाणी ते ‘त्वचेवरचा साधा जीवाणू’ म्हणून नोंदले गेले किंवा नोंदलेच गेले नाहीत.

नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागांत तर हीच कथा आणखी दुःखद रूपात दिसते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, किलोभरही वजन नसलेल्या बाळाची त्वचा कागदासारखी पातळ असते आणि त्याच्या बारीकशा शिरेत आठवडेच्या आठवडे नळी ठेवावी लागते. अशा बाळांच्या रक्तात उतरणारा स्टॅफिलोकॉकस कॅपिटिसचा एक विशिष्ट वाण, ज्याला एनआरसीएस-ए असे नाव मिळाले आहे, अनेक देशांतल्या अशा विभागांत सापडला. त्या विभागांचा आपसात काही संबंध नव्हता आणि वाण मात्र एकच. व्हँकोमायसिनसमोरही तो सहज नमत नाही. प्रत्येक विभागाला आपली दोन-चार प्रकरणे सुटी आणि योगायोगाची वाटली असणार, यात नवल नाही. ती एकाच धाग्यात ओवलेली आहेत हे फक्त जनुकीय तुलनेनेच दिसू शकले.

प्ररूपणाचा उपयोग खाटेपाशीही आहे, जरी मी त्याची फार मोठी आश्वासने देणार नाही. दोन वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून घेतलेल्या दोन बाटल्यांत एपिडर्मिडिस वाढला, तर दोन्हींतला वाण एकच आहे का हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. एकच असेल तर तो खरोखर रक्तात आहे याची शक्यता वाढते. भिन्न असतील तर दोन्ही वेळा त्वचेवरून आले असण्याची. पण हे निर्णायक नाही. एकाच माणसाच्या त्वचेवर एपिडर्मिडिसचे अनेक वंश नांदत असतात, आणि कृत्रिम अवयवावरचा खरा संसर्गही कधी कधी एकाहून अधिक वाणांचा असतो. म्हणून निर्णय ताप, रक्तपेशी, नळीची स्थिती हे सगळे पाहणाऱ्या डॉक्टरांचाच राहतो.

आता सार्वजनिक धोरणाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रतिकाराच्या जागतिक सर्वेक्षणाची यंत्रणा सुरू केली, तिच्या सुरुवातीच्या यादीतल्या आठ जीवाणूंत ऑरियस होता; त्वचेवरचे त्याचे भाऊबंद नव्हते. २०१७ आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राधान्याच्या जीवाणूंच्या याद्यांतही ते नाहीत. याद्या करणाऱ्यांचे मी चुकले म्हणत नाही. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिजैविक-प्रतिकारामुळे झाले असा अंदाज आहे आणि त्यातले एक लाखाहून अधिक एकट्या मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या ऑरियसमुळे. इतके मोठे संकट समोर असताना जो जास्त मारतो त्याला आधी मोजावे, हे योग्यच आहे. पण मृत्यूंची क्रमवारी आणि जनुकांच्या उगमाची क्रमवारी एकच असते हे गृहीत धरणे मला मान्य नाही. पूर मोजायचा तर धरणाच्या खाली उभे राहून भागत नाही, पाणलोट क्षेत्रात पर्जन्यमापक लावावे लागतात.

पहिला आक्षेप खर्चाचा येतो, आणि तो प्रामाणिक आहे. जिथे रक्त कल्चरच्या बाटल्या पुरेशा नाहीत तिथे जनुकसंच वाचण्याच्या गोष्टी करणे क्रूरपणाचे वाटू शकते. १९९५ मध्ये पहिल्या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा ती जगभर गाजलेली घटना होती. आज ते एका यंत्राचे नित्याचे काम आहे आणि त्याचा खर्च सतत उतरत आला आहे. तरीही प्रत्येक पांढऱ्या कॉलनीचे वाचन करा असे म्हणणारा माणूस मूर्ख ठरेल. मी मागतो आहे ते निवडक, ठरवून घेतलेले नमुने. काही मोजकी केंद्रे, वर्षातले ठरावीक दिवस, आणि तीन प्रकारचे जीवाणू: नवजात विभागांत रक्तात मिळालेले, कृत्रिम सांधे, झडपा व नळ्यांवरून मिळालेले, आणि रुग्णालयाशी संबंध न आलेल्या निरोगी लोकांच्या त्वचेवरचे. तिसऱ्या गटाचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण तुलनेला तोच नसेल तर रुग्णालयाने काय घडवले आणि समाजातून काय आले हे कधीच वेगळे करता येणार नाही.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. जनुक आहे म्हणजे प्रतिकार आहेच, असे नसते. मेक-ए असूनही चाचणीत औषधाला बळी पडणारे जीवाणू मिळतात, कारण जनुक तिथे आहे पण गप्प आहे. उलट, चाचणीत प्रतिकार दिसतो आणि माहितीतले एकही जनुक सापडत नाही असेही घडते. गायीच्या दुधात आणि माणसांत मिळालेल्या अशाच ऑरियसमधून मेक-सी हे मेक-ए चे वेगळे भावंड २०११ मध्ये उजेडात आले, तोपर्यंत नेहमीच्या जनुकीय चाचणीच्या जाळ्यातून ते निसटत होते. नाकात फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावर थेट जनुकीय चाचणी केली तर आणखी एक घोटाळा संभवतो. मेक-ए मिळाले, ऑरियसही मिळाला, पण ते जनुक ऑरियसचे की शेजारच्या एपिडर्मिडिसचे, हे मिसळलेल्या नमुन्यातून कळत नाही. या सगळ्यावरून मी काढतो तो निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा वेगळा आहे. जनुकीय वाचन आणि चकतीची किंवा मात्रेची जुनी चाचणी ही एकाच कॉलनीवर, जोडीने झाली पाहिजे आणि दोन्हींचे निकाल एकाच नोंदीत शेजारी शेजारी लिहिले पाहिजेत. दोन्ही जुळत नाहीत तिथेच नवे काही सापडते.

तिसरा मुद्दा माणसांच्या खासगीपणाचा. एखाद्याच्या त्वचेवरचे जीवाणू बऱ्याच अंशी त्याचे स्वतःचे असतात आणि वर्षानुवर्षे फारसे बदलत नाहीत. ‘अमुक व्यक्तीच्या अंगावर प्रतिकारक जीवाणू आहेत’ ही नोंद नोकरी देणाऱ्याच्या किंवा विमा उतरवणाऱ्याच्या हाती पडली, तर तिचा दुरुपयोग होऊ शकतो, आणि ऑरियस बाळगणाऱ्या लोकांना एकटे पाडले गेल्याचा अनुभव वैद्यकाला आहे. म्हणून नोंद जीवाणूची असावी, माणसाची नव्हे. त्वचेवरून घेतलेला बोळा थेट वाचला तर त्यात माणसाच्या पेशींचा डीएनएही वाचला जातो. प्लेटवर वाढवून वेगळी केलेली कॉलनी वाचली तर फक्त जीवाणू वाचला जातो. ही साधी तांत्रिक निवड नियमातच लिहून ठेवावी. आणि निरोगी माणसाच्या अंगावर मेक-ए असलेला एपिडर्मिडिस मिळणे हा आजार नाही, त्यासाठी औषध घ्यायचे नसते, हे प्रत्येक निकालासोबत स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे, नाहीतर सर्वेक्षणातूनच प्रतिजैविकांचा खप वाढायचा.

या नोंदींचा सर्वांत तातडीचा उपयोग मला मलमांच्या बाबतीत दिसतो. गोळीविषयी लोक आता थोडे सावध झाले आहेत, पण प्रतिजैविकाचे मलम हे कोणालाच औषध वाटत नाही. खरचटले, लाव, पुटकुळी आली, लाव. खरे पाहता त्वचेवरच्या जीवाणूंवर मलमाइतका थेट मारा दुसऱ्या कशाचाच नसतो. मुरुमांवर एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन लावण्याची प्रथा रुळली आणि क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेसमध्ये त्या दोन्हींविरुद्धचा प्रतिकार १९७९ मध्येच नोंदला गेला. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात म्युपिरोसिनचे मलम चिठ्ठीशिवाय मिळत असे. ऑरियसमध्ये त्याविरुद्धचा प्रतिकार वाढला आणि पुढे त्यावर बंधन आले. मग फ्युसिडिक ॲसिडच्या मलमाचा वापर वाढला आणि काही वर्षांनी त्याला न जुमानणारे ऑरियसचे विशिष्ट वाण तिथे पसरलेले दिसले. त्यातल्या काहींमध्ये त्या प्रतिकाराचे जनुक मेक-ए च्या सोबतीने फिरणारे आहे, म्हणजे साध्या मलमाच्या वापराने मेथिसिलिनला न जुमानणारा वाणही निवडला जाऊ शकतो. ही साखळी जनुकीय प्ररूपणाशिवाय दिसलीच नसती. म्युपिरोसिनविरुद्धचे मोठ्या ताकदीचे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर, बसून जीवाणूंमध्ये फिरते आणि त्वचेवरच्या कोॲग्युलेज-निगेटिव्ह जीवाणूंतही ते आढळते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या नाकातला ऑरियस घालवायला हेच मलम लागते, तेव्हा ते जपून ठेवण्याजोगे आहे याविषयी दुमत नसावे. कोणते मलम चिठ्ठीशिवाय विकावे, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र घातलेल्या मलमांना परवानगी द्यावी का, हे निर्णय औषध-नियंत्रकांना घ्यावे लागतात, आणि त्यांच्यापुढे आज बहुतेक ठिकाणी खपाचे आकडे असतात. त्वचेवर काय घडते आहे याचे आकडे नसतात.

या सगळ्याची सुरुवात करायला मोठी यंत्रे लागत नाहीत. ग्लिसरॉल घातलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कुपीत कॉलनीचा एक गोळा मिसळून उणे ८० अंशांवर ठेवला की तो वर्षानुवर्षे टिकतो. कुपीवर तारीख, नमुन्याचा प्रकार आणि चकत्यांचा निकाल लिहायला दोन मिनिटे पुरतात. वाचन आज परवडत नसेल तर पाच वर्षांनी करावे, दुसऱ्या केंद्राकडे पाठवून करावे. मेलबर्नच्या संशोधकांना इतक्या देशांतले नमुने मिळू शकले ते ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी ‘त्वचेवरचा साधा जीवाणू’ जपून ठेवला होता म्हणून. ज्या प्रयोगशाळेत शीतकपाट आहे तिथे, ऑटोक्लेव्हकडे निघालेल्या प्लेटवरची एक कॉलनी या आठवड्यापासूनच कुपीत जाऊ शकते.